‘बाकी सब हमारा’: शाळेच्या वार्षिकांकाचं एक पॅकेज

इंदुरात दिवाळी सरली की छापखान्यांची माणसं शाळांच्या ऑफिसात दिसायला लागतात. हातात मागच्या वर्षीचे दोन-तीन गुळगुळीत अंक आणि तोंडी एकच वाक्य: ‘आप बस मॅटर दे दीजिए, बाकी सब हमारा.’ हे परीक्षण त्या ‘बाकी सब’चं.

काम असं होतं: मराठी मंडळींनी चालवलेली माध्यमिक शाळा, अंकात मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तीन विभाग, ८० पानं, ५०० प्रती. छापखाना राजवाड्यापासून चालत गाठता येईल एवढ्या अंतरावरचा. दोघांचीही नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण या साच्याची पॅकेजं शहरात बरीच आहेत आणि काम कसं मागायचं ते कळलं की नावाने फारसा फरक पडत नाही. घाईत असलेल्यांसाठी मत आधीच: छपाई उत्तम, बांधणी ठीक, मराठी जुळणी (म्हणजे मजकूर टंकून पानं लावणं) वाईट, आणि पॅकेजसोबत फुकट मिळणारा मजकूर फुकटसुद्धा घेऊ नये असा.

आकारापासून सुरुवात करू. शाळेने ए-फोर मागितला होता, छापखान्याने तो बदलायला लावला. इथे त्यांना पूर्ण गुण. आपल्याकडे २३×३६ इंची शीट सहज मिळतं. त्याचे आठ भाग केले की एक भाग ११.५×९ इंचांचा होतो आणि छाटणी धरून ८.५×११ चं पान त्यात नीट बसतं. ए-फोरची उंची ११.७ इंच, म्हणजे ते मुळातच मावत नाही. मग २५×३६ चा कागद शोधत हिंडा, नाहीतर कमी पानं बसवून उरलेल्या पट्ट्या रद्दीत घाला. पाऊण इंचासाठी एवढा खटाटोप कुणी सांगितलाय?

एका शीटच्या दोन्ही बाजू मिळून १६ पानं, तो एक फर्मा. ८० पानं म्हणजे बरोबर पाच फर्मे. ५०० प्रतींना दर फर्म्यामागे एक रीम (५०० शीटं), आणि मशीन लावताना वाया जाणारी शीटं वेगळी. ९० जीएसएम (दर चौरस मीटरला ९० ग्रॅम) मॅपलिथो कागदाचं २३×३६ रीम साधारण २४ किलो भरतं, तेव्हा आतला कागद १२० किलो अधिक वायाचा, हा हिशोब गणिताचा कुठलाही शिक्षक फळ्यावर मांडून दाखवेल. कोटेशन एकरकमी न घेता कागद, प्लेट (छपाईचा पत्रा), छपाई, लॅमिनेशन, बांधणी आणि जुळणी असं वेगवेगळं मागावं ते याचसाठी. पहिल्या कोटेशनात ७० जीएसएम होता. त्यावर मागच्या पानाचा मजकूर पुढे झिरपलेला दिसतो, विशेषतः गडद फोटो असतील तर. ९० केल्यावर तो त्रास गेला. ऐनवेळी ‘आणखी दोनच पानं’ म्हणत ८२ केली असती तर त्या दोन पानांसाठी नवं शीट, नव्या प्लेटा आणि बांधणीत एक सुटा तुकडा आला असता. उशिरा आलेल्या जाहिराती त्यांनी कव्हरच्या आतल्या दोन बाजूंवर टाकल्या, हे शहाणपण.

रंगीत पानांचं गणित मात्र त्यांनी आपणहून सांगितलं नाही. रंगीत फर्म्याला दोन्ही बाजूंच्या मिळून आठ प्लेट (दर बाजूला चार शायांच्या चार), काळ्याला दोन. (लहान मशीनवर आकडे वाढतात, प्रमाण तेच राहतं.) पहिल्या आराखड्यात रंगीत पानं अंकभर विखुरलेली होती: निकाल पान ७ वर, खेळ ३० वर, शिबिर ४१ वर, स्नेहसंमेलन ५८ वर, चित्रकला ७५ वर. प्रत्येक फर्म्यात एकेक रंगीत पान, म्हणून पाचही फर्मे रंगीत आणि प्लेट ४०. हीच पानं १७ ते ३२ आणि ४९ ते ६४ या दोन फर्म्यांत गोळा केली की २२ प्लेटांत भागतं. विचारल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. न विचारलं असतं तर बिलही तसंच लागलं असतं.

छापलेले फोटो बघताना छापखान्याच्या हाताचं कौतुक वाटतं. चेहरे लालभडक झालेले नाहीत, गणवेशाचा पांढरा रंग पांढराच आहे. जिथे फोटो बिघडले तिथे दोष शाळेकडे जातो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नेहमीसारखा उचललेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) तो सव्वापाच इंचांपर्यंत चांगला छापला जातो, त्यापुढे ताणला की चेहरे मेणाचे दिसतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती तर एवढंही झालं नसतं. मल्लखांबाचं पान हे याचं वाईट उदाहरण. २०१३ पासून हा मध्यप्रदेशचा राज्य खेळ, शाळेची मुलं त्यात चांगली, आणि पानावर मात्र खांब स्पष्ट नि मुलगा पुसट. असा फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागात तरी टिपावा लागतो. सभागृहाच्या दिव्यांत फोनला ते झेपत नाही, तेव्हा सराव सकाळी मैदानात असेल तेव्हाच फोटो काढून ठेवावेत.

वर्गांचे फोटो हा अंकातला सर्वांत जास्त पाहिला जाणारा भाग, आणि घोटाळाही तिथेच झाला. बांधणी चिकटवलेल्या पाठीची, म्हणजे परफेक्ट बाइंडिंग. त्यात पाठीकडचे पाच-सहा मिलिमीटर गोंदात जातात आणि पान पूर्ण सपाट उघडत नाही. दहावीचा फोटो दोन पानांवर आडवा पसरवला होता. मधल्या ओळीतली दोन मुलं पाठीच्या घळीत गेली. फोटो एका पानात मावेल एवढाच ठेवायचा आणि पाठीकडे किमान १५ मिलिमीटर कोरी जागा सोडायची, हे त्यांच्या ऑपरेटरला माहीत असायला हवं होतं. बाहेरच्या तिन्ही कडांना ३ मिलिमीटर ब्लीड (छाटणीत कापली जाणारी जादा छपाई) मात्र त्याने बरोबर सोडलं होतं, कुठेही पांढरी रेघ राहिलेली नाही.

आता जुळणी. ऑपरेटर हिंदीत तयार झालेला, वेग अफाट, आणि हातही हिंदीचाच. हिंदी विभागात चुका शोधूनही सापडत नाहीत. मराठी विभागात पहिल्या प्रूफात (तपासायला दिलेल्या कच्च्या प्रतीत) पानापानाला होत्या. ‘शाळा’चं ‘शाला’ आणि ‘इंदूर’चं ‘इंदौर’ हे तर डोळ्याला लगेच दिसतं. खरा त्रास ऱ्य-ऱ्ह या जोडाक्षरांचा. मजकूर कृतीदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टंकून युनिकोडमध्ये फिरवला की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ते वाचणारा सांभाळून घेतो. पण पाककला शिबिराच्या वृत्तांतात ‘आचाऱ्यांचा सत्कार’ होता, तो ‘आचार्यांचा सत्कार’ झाला, आणि कढईपाशी उभ्या असलेल्या मंडळींच्या फोटोखाली तसाच राहिला. स्पेलचेकला हे कळणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

उपाय साधा आहे: मराठी मजकूर शाळेनेच युनिकोडमध्ये टंकून द्यायचा, छापखान्याला टंकू द्यायचा नाही. मग एकच गोष्ट बघायची उरते. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं फुटतात. तसं दिसलं तर मजकूर परत टंकायला देऊ नका, सेटिंग बदलायला सांगा. शीर्षकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आलेत. वाचायला अडत नाही, पण मराठी डोळ्याला ते पाहुणे वाटतात. मराठी वळण असलेला फॉन्ट आधीच ठरवून द्यावा.

‘होळकर’चा किस्सा वेगळाच. दुसऱ्या प्रूफात ‘होलकर’चं ‘होळकर’ करा म्हटल्यावर ऑपरेटरने सगळ्या फाइलभर एकदम बदल केला. मराठी सुधारलं आणि हिंदी विभाग बिघडला. तिथे १८९१ पासूनच्या होलकर विज्ञान महाविद्यालयाचंही नाव बदललं, जे स्वतःचं नाव हिंदीत ‘ल’नेच लिहितं. तीन भाषांचा अंक असेल तर तीन फाइली ठेवायच्या आणि सरसकट बदल करू द्यायचा नाही. मुलांची आडनावं हा याचाच उपप्रकार. शाळेच्या दप्तरात नावं हिंदीत आणि इंग्रजीत, त्यामुळे काळे ‘काले’ आणि टिळक ‘तिलक’ झाले. यादी दप्तरातून न उचलता वर्गशिक्षकांनी मुलांकडून मराठीत लिहवून, खाली सही करून द्यावी. फोटोखाली ‘बसलेले’ आणि ‘उभे’ या ओळी डावीकडून, हेही त्यांनीच लिहावं.

प्रूफ दोन मिळतात, दोन्ही मोबाइलवर. कागदावरचं प्रूफ मागितलं तर देतात, कुरकुरत. मागाच. दुसऱ्या प्रूफात पहिल्यातल्या काही चुका परत आल्या, कारण दुरुस्त्या पीडीएफवर केल्या होत्या, मूळ फाइलमध्ये नाही. प्रत्येक प्रूफावर तारीख आणि क्रमांक घालून जुनं परत घेतलं की हा गोंधळ थांबतो.

आणि आता तो फुकटचा मजकूर. पॅकेजमध्ये ‘तयार पानं’ असतात: मुख्याध्यापकांचं मनोगत, शाळेची वाटचाल, ‘आमची यशाची परंपरा’. नाव घालायचं आणि छापायचं. या अंकात अशी सहा पानं आहेत आणि ती सहाही मेलेली आहेत. यंदाही यशाची परंपरा कायम राखली, म्हणे. कुठली परंपरा, कुणी राखली, कितीजण होते? शाळेने स्वतः लिहिलेली पानं याच्या अगदी उलट जिवंत आहेत, त्रुटींसकट.

निकालाचं पान घ्या. मध्यप्रदेश मंडळाच्या दहावी-बारावीत ३३ टक्क्यांना उत्तीर्ण, ४५ ला द्वितीय आणि ६० ला प्रथम श्रेणी. शाळेने किती बसले, किती उत्तीर्ण, प्रत्येक श्रेणीत किती, असा तक्ता दिलाय. नुसती टक्केवारी नाही. हे फार चांगलं, कारण ३२ पैकी ३१ उत्तीर्ण आणि ९६.९ टक्के या दोन्हींत पहिलं वाचताना तो एक राहिलेला मुलगा दिसतो. चूक एकच: सत्र, म्हणजे शैक्षणिक वर्ष, लिहिलेलं नाही. अंक डिसेंबरात निघतो, मंडळाचा निकाल एप्रिल-मेमध्ये लागतो. म्हणजे ‘यंदाचे गुणवंत’ हे शाळा सोडून गेलेले आहेत आणि आत्ता दहावीत असलेल्यांचा उल्लेख पुढच्या अंकात येणार. प्रत्येक पानावर सत्र छापलं की वाचणारा बुचकळ्यात पडत नाही. त्याच कारणाने फेब्रुवारी-मार्च कायमचे गायब होतात: विज्ञान प्रात्यक्षिकं, निरोप समारंभ, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक). मागच्या वर्षाच्या या दोन महिन्यांसाठी दोन पानं राखून ठेवायला हवी होती.

खेळाच्या पानावर ‘राज्यस्तरीय’ हा शब्द सैल वापरलाय. शालेय स्पर्धा जिल्हा, संभाग (अनेक जिल्ह्यांचा विभाग), राज्य अशा चढत जातात आणि गट १४, १७, १९ वर्षांखालील असतात. खासगी क्लबने भरवलेली खुली स्पर्धा आणि ही एकाच ओळीत बसवली तर संभागात दुसरी आलेली मुलगी फिकी दिसते. स्पर्धा, भरवणारी संस्था, पातळी, वयोगट, क्रमांक, तारीख, एवढे सहा रकाने पुरे. शाळकरी मुलांच्या विज्ञानकल्पनांसाठीच्या इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. तिथे बक्षिसाची रक्कम लिहिली, पण मुलाने बनवलं काय ते लिहायचं राहिलं! त्या रकमेतून काय विकत घेतलं, काय चाललं नाही, हे दोन ओळींत आलं असतं तर ते पान खालच्या वर्गांनी मन लावून वाचलं असतं.

सगळ्यात छान पान कचऱ्याचं आहे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरात प्रत्येक शाळा ‘स्वच्छता अभियान’ छापते, हातात झाडू आणि नजर कॅमेऱ्याकडे. इथे आठवीच्या मुलांनी सहा प्रकारांत वर्गीकरण करताना कुठला डबा कुठल्या मजल्यावर चुकतो याचा नकाशा काढलाय, आणि मधल्या सुट्टीनंतर ओला कचरा सुक्यात का जातो याचं कारणही दिलंय: जिन्याजवळ एकच डबा होता. अहिल्याबाईंची ३०० वी जयंती ३१ मे २०२५ ला, ऐन सुट्टीत आली, तरी तिचं पान मुलांनी काढलेल्या घाटांच्या चित्रांनी भरलंय, भाषणांनी नाही. तयार पानांच्या जागी अशी आणखी सहा मिळाली असती.

वेळेबद्दल छापखान्याचं आश्वासन ‘पंधरा दिवस’ असतं. ते दुसरं प्रूफ मंजूर झाल्यापासून मोजा, मजकूर दिल्यापासून नाही. शाई पुरती वाळण्याआधी कव्हरला लॅमिनेशन केलं की फुगे येतात आणि कडा सुटतात. या खेपेला स्नेहसंमेलनाच्या गडबडीत वरच्या काही प्रतींचं तसंच झालं, त्यांनी त्या बदलून दिल्या. ही प्लास्टिकच्या पापुद्र्याची कव्हरं रद्दीतही त्रास देतात. २५० जीएसएमचं जाड कव्हर लॅमिनेशनशिवायही दोन वर्षं टिकतं, पण आग्रह धरावा लागतो.

२५० जीएसएम कव्हरसकट एक प्रत साधारण २४७ ग्रॅम भरते, २० चा गठ्ठा पाच किलोच्या आसपास. पोचवल्यावर गठ्ठे मोजा, आणि एखादा गठ्ठा फोडून पानांचा क्रम तपासा, कारण एका फर्म्याची जागा चुकली तर ती गठ्ठाभर चुकते. छापखाना शेवटी पीडीएफ देतो, तीही हलक्या दर्जाची. मूळ फाइल आणि फोटोंचं फोल्डर बिल चुकवण्याआधी पेनड्राइव्हवर घ्या. नंतर फोन केलात तर ‘वो लड़का छोड़ गया’ हे उत्तर मिळतं.