सिल्लारीजवळचं घर: पेंचच्या पहिल्या सफारीचा मुक्काम

नोव्हेंबरात आम्ही पेंचला पहिल्यांदा गेलो आणि मुक्कामाची जागा साफ चुकली. जानेवारीत परत गेलो, तेव्हा ती जमली. लिहायचंय ते या दुसऱ्या जागेबद्दल, पण आधी पहिली सांगते, कारण नागपूरहून नव्याने जाणारे बरेच जण तिथेच चुकतात.

आम्ही चौघं. मी, नवरा, ९ वर्षांची लेक आणि ७२ वर्षांचे सासरे. बाबांचे गुडघे दुखतात, लेक उलट्यांना भिते, नवऱ्याला दोनच दिवस सुटी. नागपुरातल्या मानेवाड्यातून निघून जास्तीत जास्त दोन तासांत पोहोचता येईल असं जंगल हवं होतं, म्हणून पेंच. सफारी मी राज्याच्या वनविभागाच्या संकेतस्थळावरून सिल्लारी गेटची घेतली. खोली घेतली ॲपवरून. शोधायच्या चौकोनात ‘पेंच’ लिहिलं, पहिल्याच पानावर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचा फोटो आला, खाली लिहिलेलं ‘गेटपासून पाच मिनिटं’. मी पैसे भरून मोकळी झाले.

ती पाच मिनिटं तुरिया गेटची होती. तुरिया मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. पेंच नदीच्या नावाचं जंगल दोन राज्यांत आहे, दोन्हीकडे व्याघ्र प्रकल्प आहे, बुकिंग वेगळं, गेटं वेगळी. आपल्या बाजूला सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार अशी गेटं. त्यांच्या बाजूला तुरिया, कर्माझिरी. नकाशावर सगळं एकमेकांना खेटून दिसतं. पण जंगलातून आरपार जाता येत नाही, प्रत्येक वेळी हायवेवर यावं लागतं. तुरियाहून खवासा, खवाशाहून हायवेने उलट देवलापार, मग पवनी, मग पवनीहून आत सिल्लारी. हे आम्हाला रात्री साडेनऊला कळलं, जेवणाच्या टेबलावर, शेजारच्या कुटुंबाकडून.

त्या रात्री त्या रिसॉर्टमध्ये एका कंपनीची पार्टी होती. साडेअकरापर्यंत डीजे. बागेत मोठाले फोकस लाइट, त्यातला एक थेट आमच्या खिडकीवर. पहाटेसाठी नाश्त्याचा डबा बांधून देऊ असं सांगितलं होतं. निघायच्या वेळी स्वागत कक्षात गेले तर पोरगा खुर्चीत झोपलेला आणि डब्याचा पत्ता नाही. गेटवर पोहोचलो तेव्हा बाकी गाड्या आत जाऊन पाऊण तास झाला होता. गेटवरच्या माणसांनी भलेपणाने आत सोडलं. लेक जिप्सीत पूर्णवेळ माझ्या मांडीवर झोपली. बाबांनी एक शब्द काढला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

परतीच्या वाटेवर मनसरला चहाला थांबलो तेव्हा बाबा बोलले. त्यांचे वडील रामटेक तहसिलीत कोतवाल होते. साहेब लोक शिकारीला आले की हाका घालायला, म्हणजे जनावर मचाणाकडे हाकायला, गावोगावची माणसं जमवायचं काम त्यांच्याकडे यायचं. त्यामुळे बाबांनी लहानपणी घरात हेच ऐकलेलं: कोण कुठल्या डाकबंगल्यात उतरलं, मचाण कुठल्या झाडावर बांधलं, तंबू पाण्यापासून किती लांब ठोकला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते फार बरं झालं, असं बाबा आवर्जून सांगतात. पण तंबूची एक गोष्ट त्यांनी मला सांगितली. "आधी ठरायचं पहाटे कुठून आत शिरायचं ते. झोपायची जागा त्याच्या मागून. तू आधी झोपायची जागा पाहिलीस न."

जानेवारीत तसंच केलं. संक्रांत नुकतीच झाली होती आणि पौष अमावस्येला दोन दिवस होते. अमावस्या मुद्दाम निवडली, ते का ते पुढे सांगते. सफारी पुन्हा सिल्लारीचीच, शनिवारी सकाळची. ती पक्की झाल्यावरच खोलीला हात घातला. वनविभागाचं अमलतास संकुल सिल्लारीतच आहे, ते पहिली पसंती होती, पण त्या तारखेला भरलेलं होतं. मग ऑफिसातल्या एका ओळखीने गावातलं घर सांगितलं. पवनीहून डावीकडे वळून सिल्लारीच्या रस्त्याला लागलं की गेटच्या अलीकडे वस्ती लागते. वस्तीच्या शेवटच्या टोकाला बोरीचं झाड, त्याच्या बाजूला कौलारू घर, आणि मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. ॲपवर हे घर सापडत नाही. फोनवरच ठरवावं लागतं, आणि फोनही संध्याकाळी लागतो, दिवसभर नेटवर्क येतं-जातं.

भाडं दोन खोल्यांचं मिळून ३,२०० रुपये, जेवण माणशी २५०. रिसॉर्टच्या एका खोलीला याच्या दुप्पट मोजले होते.

खोली साधी आहे. शहाबादी फरशी, दोन लोखंडी पलंग, भिंतीत एक कोनाडा, खुंट्या. गाद्या पातळ आहेत, पाठीला पलंगाच्या पट्ट्या लागतात. खिडकीला जाळी नव्हती, त्यामुळे संध्याकाळी दिवा लावला की किडे आत. दाराची कडी वर उचलून मग सरकवावी लागते, बाबांना ते जमेना, शेवटी त्यांच्या खोलीचं दार रात्रभर नुसतं लोटलेलं होतं. गोधड्या मात्र भरपूर आणि उन्हात टाकलेल्या. जानेवारीत तिथली थंडी नागपूरपेक्षा चढी वाटली, दोन-दोन गोधड्या अंगावर घेऊनच झोप लागली.

संडास-बाथरूम खोलीला जोडून नाही, अंगणातून दहा पावलांवर आहे. म्हातारी माणसं असतील तर हे आधीच विचारून घ्या. आमची काळजी एका गोष्टीने मिटली, आत कमोड होता. घरमालक भाऊ म्हणाले, "मागच्या साली एक आजी आल्या होत्या, त्यायले खाली बसता येत नव्हतं. मंग बसवून घेतला." त्या दहा पावलांच्या वाटेवर त्यांनी भिंतीला बांबूचा कठडाही ठोकलाय. बाबा रात्री दोनदा उठले, दोन्ही वेळा कोणाला हाक न मारता जाऊन आले.

गरम पाण्याचं सांगते, कारण हिवाळ्यात सफारीचा अर्धा मूड त्यावरच असतो. रिसॉर्टमध्ये छतावर सोलर होतं. रात्री पाणी कडकडीत, पहाटे चारला कोमट. इथे वहिनी साडेतीनला चूल पेटवतात. मी चारला बाहेर आले तर हंड्यातून वाफ निघत होती आणि शेजारी दुसऱ्या चुलीवर चहा. आलं ठेचून घातलेला, गुळाचा नाही, साखरेचाच, पण दूध घरच्या म्हशीचं. थर्मासमध्ये भरून दिला, सोबत फडक्यात बांधलेल्या दशम्या. मी मागितलं नव्हतं. सहाला गेटवर हजर व्हायचं होतं, आम्ही पावणेसहालाच होतो. लेक जागी होती.

आता जेवण. शुक्रवारी रात्री गोळाभात. रामटेककडचा तांदूळ, डाळीच्या पिठाचे गोळे भातातच शिजवलेले, वरून लसूण-मोहरीची फोडणी दिलेलं गरम तेल वहिनी स्वतः पळीने वाढत होत्या, आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. सोबत तुरीच्या सोल्यांची भाजी. सोले त्याच दुपारी आमच्यासमोर अंगणात बसून सोललेले, लेकीने निम्मे सोलताना निम्मे खाल्ले. नागपुरात गोळाभात हॉटेलात मिळतो, पण गोळा बहुतेक वेळा आतून कच्चा किंवा दगड झालेला असतो. इथला बोटाने दाबला की फुटायचा आणि तेल पिऊन घ्यायचा. बाबांनी तीनदा घेतला. तिखट जपून, मुलांसाठी वेगळं काढायला सांगा. मटण-कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी कळवावं लागतं.

अमावस्येचं सांगते म्हटलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला ‘डार्क स्काय पार्क’ असा दर्जा मिळाला, भारतात पहिला आणि आशियात पाचवा. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलले, प्रकाश आभाळात न जाता खाली जमिनीवरच पडावा म्हणून. वाघोलीजवळ तारे पाहायला मनोराही आहे. हे मी पेपरात वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो भाऊंच्या अंगणात. त्यांच्या एकुलत्या एक बल्बावर तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून टोपी बसवली आहे. टोपीच्या कडा आतल्या बाजूला वळवून ठोकलेल्या, हाताला लागू नयेत म्हणून. उजेडाचं एक गोल ताट अंगणात पडतं, त्यात वाढलेली ताटं नीट दिसतात, आणि ताटाबाहेर एक पाऊल टाकलं की अंधार. जेवणं झाल्यावर तो बल्बही त्यांनी विचारून मालवला.

साडेआठ झाले असतील. डोळे सरावायला दहा मिनिटं लागली. मग पूर्वेकडच्या जंगलाच्या काळ्या रेषेवर मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं दिसलं. मानेवाड्याच्या गच्चीवरून मला त्यातले पाच-सहा तारे दिसतात. इथे त्या चौकटीच्या आत-बाहेर इतके तारे होते की चौकट शोधावी लागली. बाबांनी लेकीला जवळ घेतलं. मधले तीन तारे दाखवले, ओळीतले. "हा बाण. मृगाच्या पोटात शिरलेला." मग हातातली काठी उचलून त्या तीन ताऱ्यांच्या रेषेत धरली, आणि काठीचं टोक खाली थेट एका लखलखत्या ताऱ्यावर जाऊन टेकलं. "आणि हा व्याध. त्याने मारला." लेकीने काठी घेतली आणि स्वतः लावून पाहिली. मग मला लावायला दिली. मग भाऊंच्या मुलाला. काठी अंगणात सगळ्यांच्या हातातून फिरली. माझ्यासाठी या घराचे पैसे तिथेच वसूल झाले.

तासाभराने गावातली कुत्री भुंकायला लागली आणि बराच वेळ थांबली नाहीत. भाऊ म्हणाले, बिबट असेल नाहीतर रानडुक्कर. तुम्हाला हलकी झोप असेल तर कानात घालायला कापूस न्या.

सफारीबद्दल थोडक्यात: वाघ दिसला नाही. गवे दिसले, सांबर, चितळांचे कळप, आणि एका नाल्याच्या वाळूत रानकुत्र्यांचा कळप, ज्यांना आपल्याकडे कोळसून म्हणतात. सहा होते, एकमेकांच्या अंगावर लोळत. गाइडने जिप्सी लांब थांबवली आणि इंजिन बंद करायला लावलं.

याच्याशी जोडून घराबद्दलची एक फार आवडलेली गोष्ट. भाऊंनी एकदाही ‘वाघ दाखवतो’ म्हटलं नाही. खोली शोधताना मी आणखी तीन-चार ठिकाणी फोन केले होते, त्यातल्या दोघांनी ओळखीचा ड्रायव्हर देतो, वाघ नक्की, असं सांगितलं. मी फोन ठेवले. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात (ही पवनी वेगळी), गोठणगावच्या भागात, वाघीण आणि तिची पाच पिल्लं सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली होती. ते व्हिडिओ पाहून मला रात्री जेवण गेलं नव्हतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मुक्काम देणाराच पाहुण्याला वाघाची हमी द्यायला लागला की ड्रायव्हरवर त्याचं ओझं येतं, आणि मग गाड्या अशा घुसतात. फोनवर हमी ऐकली तर ती जागा सोडा, तलाव कितीही निळा असू दे.

काही कामाच्या गोष्टी राहिल्या. रोख पैसे न्या, आमचं यूपीआय दोन्ही दिवस अडकलं, भाऊंनी "नागपूरला जाऊन पाठवा ताई" म्हणून सोडलं. सफारीच्या बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच मूळ प्रतीसह सोबत ठेवा. लहान टॉर्च हवाच, पण अंगणात कोणी तारे पाहत असेल तर तो जमिनीकडे धरा. गाडी लावायला जागा आहे, सावली नाही. मनसर ते खवासा हायवेवर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ पूल उभारलेत, त्यातला एक ७५० मीटरचा. वरून जाताना कळतही नाही, लेकीला मोजायला सांगितलं तर पाचवर गाडी अडली. पहाटे धुकं असतं, सावकाश चालवा.

निघताना वहिनींनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून चहाची गाळणी हातात ठेवली. बाबांना म्हणाल्या, "काकाजी, उन्हाळ्यात या. पाणवठ्यावर जनावर येते."

मे महिन्यातली दोन दिवसांची सफारी आता घेतली आहे, गेट सिल्लारीच, खोल्या याच. कडी आणि जाळीचं मी निघताना सांगून आले होते. परवा संध्याकाळी भाऊंचा फोन आला, खिडक्यांना जाळी बसली म्हणून. कडीसाठी पवनीचा सुतार यायचा आहे.