एआय शोधसाधने आणि मराठी अभ्यासक : कोणत्या कामाला कोणते साधन

एखाद्या विषयावर लेख, प्रबंध किंवा अहवाल लिहिण्यापूर्वी माहिती जमवणाऱ्या माणसापुढे आज चार वाटा आहेत. गुगलवर नेहमीसारखा शोध घेऊन पाने स्वतः वाचावीत. गुगलच्याच एआय मोडमध्ये प्रश्न विचारावा. पर्प्लेक्सिटी किंवा चॅटजीपीटी सर्च यांच्याकडून संदर्भांसह तयार उत्तर घ्यावे. अथवा कागदपत्रे स्वतः गोळा करून ती नोटबुकएलएमसारख्या साधनात भरावीत आणि फक्त त्यांच्यातूनच उत्तर मागावे. यांपैकी चांगले उत्तर कोण देते, असे बहुतेक जण विचारतात. संशोधनासाठी ही कसोटी अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचायला चांगले वाटणारे उत्तर आता सगळीच साधने देतात. त्या उत्तरातले प्रत्येक विधान मूळ कागदापर्यंत किती लवकर नेता येते आणि तिथे ते खरोखर सापडते का, हे पाहून निवड करायला हवी.

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच प्रश्न समोर ठेवू : महाराष्ट्राची रोजगार हमी योजना केव्हा सुरू झाली?

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याला एकच तारीख चिकटवता येत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला. शासनाची योजना म्हणून तिची सुरुवात १९७२ ची, म्हणजे दुष्काळाच्या काळातली. कायद्याच्या नावात १९७७ हे वर्ष आहे, अधिनियमाचा क्रमांक १९७८ चा आहे आणि कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो २६ जानेवारी १९७९ रोजी. ही सारी वर्षे आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यातच २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर (मनरेगा) राज्याच्या आणि केंद्राच्या योजनांची नावे लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळली. केंद्राची हमी कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची होती, तर महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती. हा फरक ज्या उत्तरात पुसला गेला, ते उत्तर कितीही सफाईदार असले तरी अभ्यासकाच्या उपयोगाचे नाही.

पर्प्लेक्सिटी, चॅटजीपीटी सर्च आणि गुगलचा एआय मोड यांची कामाची रीत साधारण सारखीच आहे. साधन प्रश्न वाचते, त्यावरून स्वतःच काही शोध तयार करते, हाती लागलेल्या पानांतले उतारे निवडते, आणि भाषेचे मॉडेल त्या उताऱ्यांवरून सलग मजकूर लिहून त्याला दुवे जोडते. चूक यांपैकी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते. योग्य पान मुळात सापडलेच नाही, सापडलेल्या पानातला उतारा चुकीचा घेतला गेला, दोन पानांतली दोन वर्षे एका वाक्यात जोडली गेली, किंवा विधान बरोबर असूनही दुवा भलत्याच पानाचा दिला गेला, असे चारही प्रकार संभवतात. शेवटचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण वाक्याला क्रमांक दिसला की पडताळणी झाली आहे असे वाचकाला वाटते आणि तो पुढे सरकतो.

ही भीती काल्पनिक नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बिंग चॅट, नीव्हा, पर्प्लेक्सिटी आणि यूचॅट ही चार साधने तपासली, तेव्हा सरासरी ५१.५ टक्के वाक्यांनाच दिलेल्या संदर्भांचा पूर्ण आधार होता आणि दिलेल्या संदर्भांपैकी ७४.५ टक्के संदर्भच आपापल्या वाक्याला खरोखर आधार देत होते. त्यानंतर साधने सुधारली, हे खरे. तरीही मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटर या पत्रकारिता संशोधन केंद्राने आठ साधनांना बातम्यांतले उतारे देऊन मूळ लेखाचे शीर्षक, प्रकाशक, तारीख आणि दुवा विचारला, तेव्हा एकूण १,६०० प्रश्नांपैकी ६० टक्क्यांहून अधिक उत्तरे चुकली. त्यात पर्प्लेक्सिटीची चूक ३७ टक्के होती आणि ग्रोक ३ ची ९४ टक्के. चॅटजीपीटी सर्चने २०० पैकी १३४ लेख चुकीचे ओळखले आणि फक्त १५ उत्तरांत स्वतःच्या खात्रीबद्दल शंका व्यक्त केली. हा शेवटचा आकडा निवड करणाऱ्याने लक्षात ठेवावा. साधन चुकते ते एकवेळ चालेल. ते चुकताना अडखळत नाही, ही खरी अडचण आहे.

आता साधने एकेक करून पाहू.

पर्प्लेक्सिटी डिसेंबर २०२२ मध्ये आले आणि वाक्यागणिक संदर्भ देण्याची पद्धत सर्वसामान्य वापरकर्त्यांमध्ये रुळली, त्याचे मोठे श्रेय त्याला जाते. त्याचा फायदा उत्तरापेक्षा मांडणीत आहे : कोणत्या पानांवरून मजकूर आला ते लगेच दिसते, त्यामुळे उत्तर वाचण्याआधीच स्रोतांची यादी वाचण्याची सवय लावता येते. रोजगार हमीच्या प्रश्नात ही यादी पाहिली की बरेच काही कळते. त्यात स्पर्धा परीक्षेच्या शिकवण्यांची पाने, विकिपीडिया आणि बातम्याच असतील आणि कायद्याचा मजकूर किंवा विधिमंडळाचे कागद नसतील, तर ते उत्तर फार तर प्राथमिक ओळख म्हणून घ्यावे. विषय अगदी नवा असेल आणि कोणते शब्द घेऊन शोधायचे हेच माहीत नसेल, तेव्हा मी या साधनाला पहिली पसंती देईन.

चॅटजीपीटीमध्ये शोधाची सोय ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी आली आणि फेब्रुवारी २०२५ पासून ती सर्वांना खुली झाली. प्रश्नामागून प्रश्न विचारत विषय उलगडत नेणे, दोन मतांची मांडणी शेजारी शेजारी करून घेणे, क्लिष्ट इंग्रजी अहवालातला परिच्छेद सोप्या मराठीत समजून घेणे, या कामांत ते उजवे आहे. पण इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते : उत्तराचा कोणता भाग आताच शोधलेल्या पानांवरून आला आणि कोणता मॉडेलच्या आधीच्या शिक्षणातून आला, याची सीमा वाचकाला नेहमी दिसत नाही. ज्या परिच्छेदाला एकही दुवा नाही, तो टिपणात उतरवू नये.

गुगलचा मोठा लाभ त्याच्या सूचीचा आहे. शासकीय संकेतस्थळे, जिल्ह्यांची पाने, स्थानिक वृत्तपत्रे यांचा एवढा मोठा साठा इतर कोणाकडे क्वचितच असेल. त्याचे एआय सारांश भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आले आणि एआय मोड २०२५ मध्ये, पुढे त्याच वर्षी मराठीसह अनेक भारतीय भाषांत. तरीही संशोधनासाठी मी या साधनाच्या सारांशावर सर्वांत कमी विसंबेन, आणि त्याचे कारण त्याची अचूकता नव्हे. सारांश पानाच्या माथ्यावर आयता समोर येतो, त्यामुळे खाली उतरण्याची सवयच मोडते. प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील अमेरिकी वापरकर्त्यांच्या वर्तनाची नोंद अभ्यासली, तेव्हा सारांश दिसलेल्या भेटींपैकी फक्त ८ टक्के भेटींत नेहमीच्या निकालांतला दुवा उघडला गेला; सारांश नसताना हेच प्रमाण १५ टक्के होते. सारांशातला दुवा तर १ टक्का भेटींतच उघडला गेला. बसच्या वेळापत्रकासाठी हे चालून जाईल, प्रबंधासाठी चालणार नाही.

याउलट गुगलचा साधा शोध मराठी अभ्यासकाने मुळीच सोडू नये. अवतरणचिन्हांत नेमका शब्दसमूह घालून शोधणे, एखाद्याच संकेतस्थळापुरता शोध मर्यादित ठेवणे, फक्त पीडीएफ मागणे, ही जुनी कौशल्ये आजही तितकीच कामाची आहेत. शासन निर्णयाची तारीख किंवा सांकेतांक माहीत असेल, तर शासनाच्या जीआर संकेतस्थळावर थेट जाणे कोणत्याही एआय साधनापेक्षा लवकर होते आणि हाती येतो तो अस्सल कागद.

मराठीचा मुद्दा इथे जरा विस्ताराने मांडायला हवा, कारण बहुतेक तुलना इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या असतात आणि आपली अडचण त्यांत येत नाही. मराठीतला महत्त्वाचा मजकूर फार मोठ्या प्रमाणात यंत्राला वाचता येईल अशा रूपात नाही. जुने शासन निर्णय आणि अहवाल म्हणजे कागदांची छायाचित्रे असतात. युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वीचे कितीतरी साहित्य जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहे, जे यंत्राला निरर्थक अक्षरांचा ढीग म्हणून दिसते. नियतकालिकांचे जुने अंक ग्रंथालयाच्या कपाटातच आहेत. त्यामुळे प्रश्न मराठीत विचारला तरी साधन अनेकदा इंग्रजी पानांकडे वळते आणि तिथला मजकूर मराठीत लिहून देते. उत्तर मराठी असते, पुरावा इंग्रजी असतो, आणि महाराष्ट्राच्या विषयावर महाराष्ट्रात झालेली चर्चा तेवढी बाहेर राहते. पागे यांच्यावरची मराठी टिपणे, विधिमंडळातील भाषणे, मजूर संघटनांची पत्रके यांचा मागमूसही अशा उत्तरात नसण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून एकच प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत, असा दोनदा विचारून दोन्ही वेळच्या स्रोतांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात.

मराठी विश्वकोशाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या नोंदी आज महाजालावर मोफत वाचता येतात आणि नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, हा विश्वासार्हतेचा मोठा आधार आहे. पण पहिले खंड १९७० च्या दशकातले असल्याने गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नोंदींत लोकसंख्येपुढे जनगणनेचे जुने वर्ष कंसात दिलेले असते. सारांश करताना तो कंस गळला, की पन्नास वर्षांपूर्वीचा आकडा आजचा होऊन बसतो. मूळ नोंद उघडणाऱ्याला हे एका नजरेत दिसते, सारांश वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही.

चौथी वाट, नोटबुकएलएमची, या अडचणीवर बऱ्याच अंशी उपाय ठरते. इथे साधन जालावर भटकत नाही. आपण दिलेल्या कागदपत्रांपुरतेच उत्तर देते आणि क्रमांकावर बोट ठेवले की मूळ उताऱ्यापाशी नेते. मोफत वापरात एका नोटबुकमध्ये ५० स्रोत ठेवता येतात, एका लेखाला किंवा प्रबंधातल्या एका प्रकरणाला ते पुरेसे आहेत. रोजगार हमीचा कायदा, त्यातील सुधारणा, संबंधित शासन निर्णय आणि पुण्याच्या गोखले संस्थेच्या गाडगीळ ग्रंथालयाने खुल्या केलेल्या डिजिटल संग्रहातले अहवाल एकत्र केले, तर 'कायदा लागू होण्याची तारीख कोणत्या कागदात आहे' या प्रश्नाचे उत्तर काही क्षणांत मिळते आणि लगेच तपासताही येते. याच योजनेसाठी पैसा उभा करण्याकरता १९७५ चा व्यवसाय कर आला, जो आजही नोकरदारांच्या पगारातून कापला जातो. असे धागे स्वतः जमवलेल्या कागदांतून जितके स्वच्छ जुळतात, तितके तयार उत्तरातून जुळत नाहीत.

या वाटेच्याही मर्यादा आहेत. आपल्या संग्रहात काय नाही, हे साधन सांगू शकत नाही. एकाच बाजूचे कागद दिले तर उत्तरही एकाच बाजूचे येईल. फिकट झेरॉक्सवरचा देवनागरी १ हा ९ म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो, म्हणून आकडा आणि तारीख मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. शिवाय लोकांच्या मुलाखतींची टिपणे किंवा दुसऱ्याचे अप्रकाशित हस्तलिखित अशा साधनात घालण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

अनेक साधनांत आता सखोल संशोधनाचीही सोय असते : काही मिनिटे थांबले की दहा-पंधरा पानांचा अहवाल हाती येतो. अशा अहवालाची लांबी हाच त्याचा दोष ठरू शकतो, कारण इतकी विधाने कोणी तपासत नाही. ज्या लेखांचे फक्त गोषवारे खुले आहेत आणि पूर्ण मजकूर सशुल्क आहे, त्यांच्याविषयी साधन गोषवाऱ्यावरूनच लिहीत असण्याची शक्यताही असते. अहवाल बाजूला ठेवावा आणि त्याच्या शेवटची स्रोतांची यादी वाचनसूची म्हणून वापरावी. त्या कामासाठी ही सोय खरोखर मौल्यवान आहे.

किमतीचा विचार थोडक्यात आटोपता येतो. जुलै २०२५ मध्ये एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत देण्यात आले, नोव्हेंबरपासून भारतात चॅटजीपीटी गो वर्षभर मोफत देण्यात आले. अशी सवलत हाती असेल तर वापरावी, पण मुदत कधी संपते आणि पुढे पैसे आपोआप कापले जाणार आहेत का, हे आधी पाहावे. टो सेंटरच्या चाचणीत सशुल्क आवृत्त्यांनी अधिक प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली, पण चुकीची उत्तरेही अधिक ठामपणे दिली, हेही लक्षात घ्यावे.

प्रत्यक्ष निवड करायची तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पर्प्लेक्सिटी आणि साधा शोध ही जोडी पुरेशी आहे, मात्र वर्षे आणि कलमे मूळ अधिनियमातूनच टिपावीत. पत्रकाराला वेळ कमी असतो. त्याने ताज्या घडामोडींसाठी एआय साधनाचा सारांश वापरू नये, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांनी प्रसिद्ध केलेल्या १८ देशांतील पाहणीत बातम्यांविषयीच्या ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष आढळला होता. पीएचडीच्या अभ्यासकाने आणि ग्रंथकाराने नोटबुकएलएमवर भर द्यावा आणि कागद जमवण्याचे काम स्वतः करावे. परदेशात राहून मराठी विषयावर काम करणाऱ्यांना ग्रंथालय गाठणे कठीण असते; त्यांनी गाडगीळ ग्रंथालयाचा संग्रह आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ग्रंथ संजीवनी हा डिजिटल संग्रह यांपासून सुरुवात करावी आणि मग एआय साधनाकडे यावे.

साधन कोणतेही असो, तळटीपेत त्याचे नाव लिहून भागत नाही. तेच उत्तर उद्या वेगळे येऊ शकते आणि वाचकाला ते पुन्हा उघडून पाहता येत नाही. तळटीप मूळ कागदाची असावी, पृष्ठ क्रमांकासह, आणि संकेतस्थळावरील पान असेल तर ते पाहिल्याची तारीख देऊन त्याची एक प्रत आपल्याकडे जपून ठेवावी.