‘बॉर्डरलँड्स’: कापूसपट्ट्यातल्या वाचकांनी वाचावंच असं पुस्तक

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या पुढं एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, मी शिकवते. ग्लोरिया आन्झाल्दुआचं १९८७चं हे इंग्रजी पुस्तक शिक्षकांनी आणि शिकलेल्या कास्तकाराच्या पोरींनी मिळवून वाचावं.

ग्लोरिया १९४२ची, दक्षिण टेक्सासातली, मेक्सिकोच्या सीमेलगतची. स्वतःला मेस्तिझा म्हणवणारी, म्हणजे स्पॅनिश आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाची. पहिल्याच प्रकरणात घरचा हिशेब येतो. आजीची जमीन गेली, बापानं बटईनं शेती केली. बियाण्याला आणि घरखर्चाला कंपनी उचल द्यायची. पीक निघालं की आधी ती फेडायची, वर उत्पन्नातले ४० टक्के मोजून द्यायचे. कधी कधी मिळकतीपेक्षा देणंच जास्त निघायचं. कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं उचलणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शाळकरी वयातच तिचा बाप वारला; शेतात राबत ती शिकली. गेलेली जमीन आणि मेलेली माणसं ती वेगळी काढत नाही. ज्या घरात कास्तकारानं फाशी घेतल्यावर सातबारा आणि कर्जाचे कागद एकाच पिशवीत ठेवलेले असतात, तिथं हे फार लागतं.

पुढं ती हंगामी शेतमजुरांच्या मुलांची शिक्षिका झाली. पाचवं प्रकरण मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वाचून दाखवलं. ग्लोरिया स्वतः शाळेत असताना मधल्या सुट्टीत स्पॅनिश, म्हणजे घरची भाषा, बोलली म्हणून बोटांच्या पेरांवर पट्टीचे तीन फटके! माझ्या वर्गात तिसरीतली एक मुलगी हातच्याचं गणित ओठांतल्या ओठांत कोलामीत करते आणि उत्तर तेवढं मराठीत सांगते. तिला ‘नीट बोल’ म्हणून दटावलं तर ती उत्तरही सांगणार नाही.

पुस्तक सोपं नाही. मधेच स्पॅनिश परिच्छेद येतात, पुष्कळदा अर्थ न देता. हा लेखिकेचा हट्ट आहे आणि मला तो पटतो, पण पोडावर रेंज नसते, तेव्हा शोधायचं कुठं? सर्पदेवतांची मधली प्रकरणं मला जड गेली. दुसरा भाग कवितांचा. त्यातल्या शेतमजूर बाईच्या कवितेवर मी बराच वेळ थांबले.

ग्लोरिया २००४मध्ये मधुमेहानं गेली, पीएच.डी. तिला मरणानंतर मिळाली.

सुरुवात पाचव्या प्रकरणापासून करा, मग पहिलं वाचा. माझी प्रत केंद्रशाळेच्या कपाटात ठेवली आहे. परिसरातल्या शिक्षकांनी खुशाल न्यावी, समासात पेन्सिलनं लिहिलेले स्पॅनिशचे अर्थ तेवढे खोडू नयेत.