सहापैकी पाच मासे गेले, तरी टाकी ठेवली: खाऱ्या पाण्याचे नऊ महिने

गेल्या दसऱ्याला नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी लावली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्यातल्या सहापैकी पाच माशांनी जीव सोडला. टाकी बंद करायची की ठेवायची, हे ठरवायला मला पुढचे अडीच महिने लागले. अशा वेळी काय तपासून बघावं हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी सामान. टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट, दगड-वाळू धरून पाणी साधारण १७० लिटर. सिरॅमिकचे दगड, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा), रिटर्न पंप (पाणी परत टाकीत सोडणारा), वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा), एलईडी दिवे आणि चिलर (पाणी थंड ठेवणारा). प्रवाळ ठेवले नाहीत. आपल्याकडे कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुणी गुपचूप देऊ केले तरी घेऊ नका.

समुद्र घाटाखाली राहिला, त्यामुळे पाणी घरीच बनवायचं. आरओच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या थोडं वर सागरी मीठ. पहिल्यांदा सहा किलोहून जास्त लागलं. आता दर रविवारी १७ लिटर पाणी बदलते, त्याला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम पुरतं. घनता १.०२५ ठेवायची. ती मोजायला प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर विसंबू नका. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो. मी महिनाभर कमी खारट पाणी ठेवत होते, ते रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारटपणा मोजणारं उपकरण) घेतल्यावर कळलं. पाण्याची वाफ होते पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच घालायची. नाशिकच्या कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये मला रोज अडीच लिटर लागत होतं. चिलर सोडून बाकीच्या सामानाला महिन्याला पन्नासेक युनिट वीज लागते. उन्हाळ्यात चिलर धरून ती दुपटीच्या वर जाते.

पहिले पाच आठवडे टाकीत मासा नव्हता, माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार होत होते. नोव्हेंबरअखेर दोन क्लाऊनफिश आणले, जानेवारीत तीन क्रोमिस. सगळं छान चाललं होतं. सासरे, म्हणजे आबा, सकाळचा चहा टाकीसमोर खुर्ची ओढूनच घ्यायचे. मोठ्या क्लाऊनला ते थोरली म्हणत आणि लहान्याला धाकटा.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी मी निळा टँग आणला. मुंबईहून कसारा घाटातून रात्रभराचा प्रवास करून आलेला, पिशवीतच दमलेला मासा. पूर्ण वाढला की तो जवळपास फूटभर होतो, माझ्या टाकीत त्याला वळायलाही जागा पुरली नसती. हे मी वाचलं होतं, तरी आणला. वेगळा न ठेवता तासाभरात टाकीत सोडला, हे त्याहून वाईट.

चौथ्या दिवशी तो दगडाला अंग घासताना दिसला. टॉर्च लावून बघितलं तर कल्ल्यामागे आणि परांवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे सात-आठ ठिपके. दुकानदाराने खाण्यात लसूण घालायला सांगितलं. तीन दिवसांत ठिपके गेले आणि मी सुटकेचा श्वास सोडला. त्या वेळी मला हे माहीत नव्हतं की सागरी व्हाइट स्पॉट या रोगाचा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवसच असतो. पोट भरलं की तो गळून वाळूत आणि दगडांवर कोष करतो, आणि एका कोषातून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. ठिपके जातात तेव्हा रोग बरा होत नसतो, वाढत असतो. लसणाचा त्यात काही संबंध नव्हता.

दोन आठवड्यांनी ठिपके परत आले, या वेळी सगळ्यांच्या अंगावर. टँगचा श्वास इतका जलद चालू होता की कल्ले मिटताना दिसतच नव्हते. बुधवारी टँग गेला, गुरुवारी दोन क्रोमिस, शनिवारी तिसरा. रविवारी सकाळी थोरली पंपाखालच्या कोपऱ्यात आडवी सापडली. तिला जाळीने काढताना हात थरथरत होता. आबांनी खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवली.

उरला धाकटा. त्याला चाळीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबात घेतलं: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा एक एल्बो, बस. तिथे तांब्याचं औषध सुरू केलं. मोठ्या टाकीत तांबं घालायचं नाही. वाळू आणि दगड ते शोषून घेतात आणि टाकीतले बिनकण्याचे जीव मरतात. तांबं माशाच्या अंगावरच्या परजीवीला मारत नाही, पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. म्हणून डोस एकसारखा तीस दिवस टिकवावा लागला, रोज टेस्ट करून. टबात जिवाणू पुरेसे नसल्याने माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया चढायचा, म्हणून दिवसाआड पाणी बदलायचं आणि नव्या पाण्यात तेवढंच औषध घालायचं.

त्याच आठवड्यात नवरा म्हणाला, "विकून टाकू. किती जीव लावशील?" मी टाकीचे फोटोही काढले होते. आबांची निफाड तालुक्यात पंचवीस वर्षं द्राक्षबाग होती. ते म्हणाले, "गारपिटीत सगळे घड गेले त्या साली शेजाऱ्याने आठ दिवसांत बाग काढली. मी खरड छाटणीपर्यंत थांबलो. खड्डा घेऊन मुळी बघितली. पांढरी मुळी भरपूर होती, म्हणून ठेवली. तू बघितलीस का?"

टाकीची मुळी म्हणजे तिच्यातले जिवाणू. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे. रिकाम्या टाकीत अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरमागे २ मिलिग्रॅम) नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेस्टची नळी खिडकीशी धरली, तर पाणी स्वच्छ पिवळं, म्हणजे अमोनिया शून्य. नायट्राइटही शून्य. पाच मासे ज्या टाकीत मेले तिचं पाणी ठणठणीत होतं. टाकी बिघडली नव्हती, मी दारातून रोग आत आणला होता. ही दोन कारणं वेगळी करता आली तेव्हा निर्णयाची अर्धी वाट सरली. अमोनिया उतरत नसता, किंवा दर महिन्याला वेगळ्याच कारणाने मासा जात असता, तर मी सामान विकलं असतं.

उरलेला अर्धा निर्णय वाट बघण्याचा होता. कोष साधारण चार आठवड्यांत फुटतात, पण क्वचित ७२ दिवसांपर्यंतही टिकतात. म्हणून टाकी ७६ दिवस माशांविना चालवायची. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. पंप चालू, चिलर २७ अंशांवर, जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाणं. मे महिन्यात वळवाच्या पावसात दोनदा वीज गेली, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप कामी आला. तो प्रत्येकाने घेऊन ठेवावाच.

बिनमाशांच्या टाकीला रोज पाणी घालायचा मला कंटाळा येतो का, हे मी स्वतःला तपासत होते. पहिले दहा दिवस आला. मग एका रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला, तर काचेवर मोहरीहून बारीक, पांढरे, कोपेपॉड नावाचे जीव शेकड्यांनी पळत होते, आणि दगडाच्या भोकातून एका नळीतल्या किड्याने पिसारा बाहेर काढला होता. त्यानंतर मी फोटो पुसून टाकले.

माझं मत विचाराल तर: महिन्यात पंधरा दिवस तुम्ही बाहेरगावी असाल आणि घरात भर घालणारं कुणी नसेल, तर पहिल्या फटक्यानंतर थांबलेलं बरं. वेगळा टब मांडायला जागा नसेल तरीही थांबा. नुसत्या दुःखापायी मात्र त्याच आठवड्यात टाकी रिकामी करू नका.

टँगसाठी घेतलेला मोठा वेव्हमेकर विकला. समुद्रातून पकडलेला मासा आता आणणार नाही. क्लाऊनफिशचं प्रजनन आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केलेलं आहे आणि हॅचरीतली पिल्लं मिळतात. तेवढेच ठेवीन, दोनच.

धाकट्याला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परत सोडलं. सगळे क्लाऊन जन्माने नर असतात आणि जोडीतली मादी गेली की नराचीच मादी होते, हे आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. तो आता अंगानेही भरला आहे आणि पंपाखालचा थोरलीचा कोपरा त्याने घेतला आहे. दसऱ्याच्या सुमारास त्याच्याहून लहान एक पिल्लू आणीन. आधी तीस दिवस टबात. टब न्हाणीघराशेजारी कायमचा मांडून ठेवला आहे.