फेडरल की डी.ए.: गोळीबाराचे खटले लढवायचे असतील तर कुठे?

अमेरिकेत लॉ स्कूलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने परवा विचारलं, "मामा, डी.ए.च्या ऑफिसात जाऊ की फेडरलला?" हाच प्रश्न ओळखीतल्या आणखी दोघांनी विचारला होता, म्हणून सविस्तरच लिहितो. माझी नोकरी डी.ए.कडे, म्हणजे राज्याच्या कायद्याखाली खटले चालवणाऱ्या, शहराच्या निवडून आलेल्या सरकारी वकिलाकडे. मधली दोन वर्षं प्रतिनियुक्तीवर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात खटले चालवले. मुदत संपल्यावर तिथेच राहण्याबद्दल विचारणा झाली आणि मी परत आलो. शहराचं नाव लिहीत नाही, कारण साक्षीदार अजून तिथेच राहतात. पगार, बढती वगैरे तुम्हाला माहीत आहेच. फक्त एक लक्षात असू द्या: फेडरलला नागरिकत्व मागतात, ग्रीन कार्डवर सहसा भागत नाही.

आधी या दोन ऑफिसांमधल्या भांडणाचं बोलतो, कारण बातम्या वाचून सगळे त्यालाच घाबरतात. फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. लॅरी क्रास्नर तिथे निवडून येऊन जानेवारी २०१८ मध्ये डी.ए. झाले. तुरुंगवास कमी करू, हे त्यांनी प्रचारातच सांगितलं होतं. त्याच वर्षी ट्रम्प यांनी नेमलेले विल्यम मॅकस्वेन तिथले यू. एस. अटर्नी, म्हणजे केंद्राचे त्या भागातले मुख्य सरकारी वकील, झाले. मे २०१८ मध्ये पश्चिम फिलाडेल्फियात एका दुकानदारावर रायफलने गोळी झाडली गेली. डी.ए.च्या ऑफिसने आरोपीशी साडेतीन ते दहा वर्षांच्या शिक्षेवर तडजोड केली, गावभर संताप झाला आणि फेडरल वकिलांनी त्याच हल्ल्यावरून दरोड्याचा वेगळा खटला भरला. ऑगस्ट २०१९ मध्ये नाइसटाउन-टायोगा भागात सहा पोलिसांना गोळ्या लागल्या, तेव्हा मॅकस्वेन यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीरपणे क्रास्नर यांच्याकडे बोट दाखवलं.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, असं आपल्याकडच्या माणसाला वाटणारच. आपल्याकडे तपास केंद्राकडे गेला की राज्याचा हात सुटतो. एल्गार परिषदेचं प्रकरण जानेवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांकडून एनआयएकडे गेलं तसं. अमेरिकेत राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सार्वभौम सरकारं मानतात, म्हणून दोघंही खटला भरू शकतात. सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या गॅम्बल खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी हे पुन्हा कायम केलं.

पण साहेब लोक पत्रकार परिषदेत एकमेकांवर तुटून पडत असले, तरी खाली काम करणाऱ्यांचं रोजचं जमून जातं. तेच डिटेक्टिव्ह दोन्हीकडे हेलपाटे घालत असतात. या वादापायी कुठलं ऑफिस नाकारू नका.

कामाच्या सोयीचा विचार केला तर फेडरलचं पारडं जड आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. डी.ए.कडे माझ्या टेबलावर एका वेळी साठेक फायली असायच्या, फेडरलला डझनभर. आमच्याकडे प्राथमिक सुनावणीला गोळी लागलेल्या माणसाला स्वतः यावं लागायचं. आरोपीचे मित्र बाहेरच्या बाकावर बसलेले, आणि हा त्यांच्यासमोरून काठी टेकत येणार. तारीख पडली की पुन्हा तेच. तिसऱ्या तारखेला माणूस फितूर होतो किंवा येतच नाही, आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. फेडरलला ग्रँड ज्यूरीसमोर, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे बंद दाराआड ठरवणाऱ्या नागरिकांसमोर, तपास अधिकारी ऐकीव माहितीही सांगू शकतो, त्यामुळे साक्षीदाराचा चेहरा लवकर उघड होत नाही. आरोपी धोकादायक असल्याचं दाखवलं तर १९८४ च्या कायद्याखाली खटला संपेपर्यंत जामीन नाकारता येतो. पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी सशर्त सुटका, नाही: १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी तो बंदच झाला. हिंसक गुन्ह्यात पिस्तूल वापरलं तर वेगळी किमान पाच वर्षं, रोखलं तर सात, झाडलं तर दहा, आणि तीही मूळ शिक्षा संपल्यावर. "फेड्सनी केस घेतली" एवढं कानावर पडलं की आरोपीच्या वकिलाचा आवाज खाली आलेला मी ऐकला आहे.

ज्यूरीचा फरक मात्र कमी लेखू नका. फिलाडेल्फियाच्या डी.ए.समोर बसते ती फक्त शहरातली ज्यूरी. काही चौक पलीकडे, मार्केट स्ट्रीटवरच्या फेडरल कोर्टात ती नऊ काउंट्यांमधून, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांतून, येते, लँकेस्टरच्या शेतीच्या पट्ट्यातूनसुद्धा. शहरातल्या गल्लीत रात्री दहा वाजता पंचवीस माणसं बाहेर असूनही कोणी काही पाहिलं का नाही, हे शहरातल्या ज्यूरीला समजावून सांगावं लागत नाही.

आता माझा निर्णय ज्यावर झाला ते. गल्लीतला गोळीबार हा मुळात केंद्राचा गुन्हाच नाही. केंद्राला हात घालायचा तर आंतरराज्य व्यापाराशी धागा जोडावा लागतो. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या लोपेझ निकालात तो धागा नाही म्हणून शाळेजवळ बंदूक बाळगण्याविरुद्धचा अख्खा कायदा रद्द केला होता. त्यामुळे बहुतेक वेळा आरोप होतो तो एवढाच: पूर्वी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाकडे, राज्याची हद्द कधीतरी ओलांडलेलं पिस्तूल सापडलं.

माझ्याकडे अशी एक केस आली. एका किराणा दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या मांडीत गोळी लागली होती. शहराच्या कोर्टात त्याचा एकुलता एक साक्षीदार फितूर झाला. पण आरोपीच्या गाडीत पिस्तूल सापडलं होतं, म्हणून फेडरलने तेवढी केस घेतली. आरोपपत्र दीड पानाचं. त्यात पिस्तुलाची कंपनी होती, कॅलिबर होतं, अनुक्रमांक होता. खटला दोन दिवस चालला. शस्त्रांचा तज्ज्ञ अधिकारी आला आणि हे पिस्तूल आपल्या राज्यात बनलेलं नाही, एवढं त्याने सांगितलं. गोळीबाराचा उल्लेख ज्यूरीचं मन कलुषित करेल म्हणून न्यायाधीशांनी त्याला मनाई केली होती, आणि कायद्याने ते बरोबरच होतं. मुलाची आई दोन्ही दिवस दुसऱ्या रांगेत बसून होती. निकालानंतर कॉरिडॉरमध्ये तिने मला थांबवलं. "दोषी ठरला, देव तुमचं भलं करो," म्हणाली. मग म्हणाली, "पण दोन दिवसांत माझ्या मुलाचं नाव एकदाही कोणी घेतलं नाही."

शिक्षा लांबलचक झाली. फेडरलने केस घेतली नसती तर तो माणूस त्याच महिन्यात सुटला असता, हेही तितकंच खरं. तुम्हाला निकालाचं समाधान पुरत असेल, किंवा टोळ्यांचे, शस्त्रतस्करीचे, अनेक राज्यांत पसरलेले खटले करायचे असतील, तर निःशंक फेडरलला जा. तिथली कोर्टं, तिथली तयारी, तिथला तपास, सगळंच उत्तम आहे. दोन्ही हवंच असेल तर वॉशिंग्टन डी.सी.कडे बघा. तिथे प्रौढांचे गल्लीतले खून-दरोडेसुद्धा यू. एस. अटर्नीचंच ऑफिस चालवतं. पण ज्याला गोळी लागली त्याच्यासाठी उभं राहायचं म्हणून तुम्ही या पेशात येत असाल, तर माझ्या मते पहिली काही वर्षं तरी डी.ए.कडे काढावीत. साठ फायली आणि रिकामे साक्षीदारांचे बाक धरूनच सांगतो आहे.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे जे आरोपपत्र आलं, त्याच्या तिसऱ्या ओळीत एकोणीस वर्षांच्या एका मुलाचं नाव होतं. इथिओपियन नाव, चार अक्षरी. ज्यूरीसमोर ते चुकू नये म्हणून मी त्याच्या बहिणीला फोन केला आणि तीन वेळा म्हणून घेतलं.