सेप्टिक टाकी उपसली, त्यावर एक पावसाळा गेला : पाचगावातला अनुभव

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. उन्हाळ्यात टाकी उपसून घेतली, सोबत चार किरकोळ कामं केली आणि आता दसरा होऊन गेला तरी खालचं संडास एकदाही तुंबलेलं नाही. याआधी जुलै लागला की भांड्यातून गुडगुड सुरू व्हायची, पाणी टाकलं की खाली जायच्या ऐवजी वर चढायचं, आणि पाहुण्यांना काहीतरी कारण सांगून वरच्या मजल्यावर पाठवावं लागायचं. यंदा ते सगळं वाचलं. पण त्याचं अख्खं श्रेय मैल्याच्या गाडीला द्यायला मी तयार नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पत्ता कोल्हापूरचा, घर ग्रामपंचायतीत, ड्रेनेज लाईनचा पत्ता नाही. महापालिका १९७२ ची, हद्द तेव्हाचीच, आणि हद्दवाढीचं भांडण ऐकत आमची पोरं कॉलेजात गेली. तेव्हा ज्याची टाकी त्यानं सांभाळायची.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. टाकी पोर्चखाली. दोन वर्षांपूर्वी एक गाडी बोलावली होती, नाव घेत नाही. आली, परसाकडच्या झाकणातून पाईप सोडला, भरली, पैसे घेतले, गेली. पावसाळ्यात पुन्हा तेच रडगाणं. यंदा खोलात गेल्यावर कळलं की त्या दिवशी गाळ निघालाच नव्हता.

टाकीला आत एक भिंत असते. संडासाचा पाईप जिथं पडतो तो पहिला कप्पा मोठा, साधारण दोन तृतीयांश. त्यात जड घाण तळाला बसते, तेलकट-हलकं वर तरंगून जाड साय धरते आणि मधलं पाणी भिंतीतल्या भोकातून दुसऱ्या कप्प्यात जातं. गाळ मुख्यतः पहिल्या कप्प्यात. आणि आमचं दिसणारं एकमेव झाकण होतं दुसऱ्या कप्प्यावर! पहिल्याचं झाकण पोर्चला टाइल्स बसवताना त्याखाली गेलेलं. संडासाच्या पाईपची रेघ धरून पहारीनं ठोकत गेलो, एका जागी पोकळ आवाज आला, तिथल्या टाइल्स फोडल्या तेव्हा सापडलं. गाडी ठरवण्याआधी ही शोधाशोध उरकून घ्या. गाडीवाला दारात उभा राहिल्यावर कोणी टाइल्स फोडत नाही, जे उघडं आहे त्यात पाईप सोडतो.

दुसरी गोष्ट मापाची. आमची टाकी आतून ८ फूट लांब, ५ फूट रुंद, पाण्याची खोली ५ फूट. म्हणजे २०० घनफूट, ५,६०० लिटरच्या वर. येणारी गाडी ४,००० लिटरची. एका खेपेत टाकी रिकामी होणं शक्यच नाही, आणि पाईप वरच्या वर धरला तर त्या खेपेत नुसतं पाणी जातं. पाणी काय, दोन दिवसांत घरच्यांनी पुन्हा भरलेलंच असतं. म्हणून सौदा खेपेवर करायचा नाही, तळ दिसेपर्यंतचा करायचा. आम्हाला दोन खेपांचे मिळून साडेपाच हजार पडले. दुसरीकडं कमी भाव मिळाला होता, पण तो माणूस "तळ-बिळ काय बगायचा न्हाई, गाडी भरली की झालं" म्हणाला.

गाळ किती आहे ते गाडी यायच्या आदल्या रविवारी मोजलं. हे कोणालाही जमतं. लांब पीव्हीसी पाईप घ्यायचा, खालच्या टोकाला चारेक फूट जुनं पांढरं धोतर घट्ट गुंडाळून सुतळीनं बांधायचं. वरच्या सायीतून वाट करून हळू तळाला टेकवायचं, थोडा वेळ तसंच धरायचं, मग सरळ वर काढायचं. पाण्याचा भाग नुसता पिवळट ओला दिसतो, गाळाचा भाग काळा आणि कणीदार. हात लावायची गरज नाही, रेघ लांबूनच कळते. तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, झाकण उघडल्यावर लगेच वाकायचं नाही आणि आसपास काडी पेटवायची नाही, आत मिथेन असतो. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसायची वेळ झाली समजायचं. आमच्या ५ फुटांत ती मर्यादा २० इंच होते. आमचा नुसता गाळच ३० इंचाच्या पुढं होता. सरकारी शिफारस दोन-तीन वर्षांनी उपसण्याची आहे, पण घरात माणसं किती आणि टाकी केवढी यावर ते पुढंमागं होतं. मोजलेलं बरं. उगाच दरवर्षी उपसण्यातही अर्थ नाही.

गाडीवाल्यानं आल्या आल्या पाईप सोडला आणि अर्धी गाडी भरल्यावर म्हणाला, "वैनी, पानीच हाय समदं. गाळ न्हाई तुमच्याकडं." मी पोर्चच्या खांबाला टेकवलेला तो पाईप दाखवला. बघितला आणि हसला. "मग उलटं सोडाय पायजे." त्यानं गाडीतलंच पाणी दाबानं परत टाकीत सोडलं, तळ ढवळून निघाला, पाण्याचा रंग बदलून डांबरासारखा झाला, मग ओढलं. हे उलटं सोडणं फार महत्त्वाचं. वर्षानुवर्षं बसलेला गाळ घट्ट होतो, नुसत्या ओढण्यानं पाईपच्या तोंडापुरता खड्डा पडतो आणि बाकीचा जागेवर राहतो. काम येत असूनही आपणहून करत नाहीत, सांगितलं तर करतात. एक गुण इथं कापला.

शेवटी तळाशी थोडं राहिलं. ते राहू द्यायचंच असतं, त्यातल्या जिवाणूंवर टाकी पुन्हा चालू होते. अॅसिड-फिनेल ओतून चकचकीत करायची ती जागा नव्हे. पण सोबतचा पोरगा म्हणाला, "पाचशे द्या, आत उतरून घमेल्यानं काढतो." वय विशीचंही नसेल. मी सरळ नाही म्हटलं, आणि ड्रायव्हरला पण ऐकवलं. २०१३ च्या कायद्यानं माणसाला टाकीत उतरवून असं काम करून घेणं गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आतला हायड्रोजन सल्फाइड वायू आधी नाक मारतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की वास येणंच बंद होतं. 'आता वास न्हाई' म्हणून माणूस उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. बातम्यांत एका टाकीत दोन-तीन माणसं गेलेली वाचतो ती अशीच. तुमच्याकडं कोणी असं सुचवलं तर पाचशे रुपये वाचवल्यासारखं नाही, माणूस वाचवल्यासारखं वागा. मदतीसाठी १४४२० हा हेल्पलाइन नंबर आहे.

टाकी रिकामी झाली तेव्हा मूळ दुखणं दिसलं. दुसऱ्या कप्प्यातून पाणी बाहेर जातं तिथं टी पाईप असतो, त्याचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं असतं म्हणून वरची साय बाहेर जात नाही. आमचा टी गळून तळाला पडलेला. म्हणजे इतकी वर्षं साय आणि गाळ थेट शोषखड्ड्यात. खड्ड्याच्या भिंतींवर काळा बुळबुळीत लेप बसला की माती पाणी पिणं कमी करते, आणि पावसात जमीन आधीच भिजलेली असली की अजिबातच नाही. तुंबायचं कारण हे होतं. टाकी भरणं हा त्याचा अर्धाच भाग. बाहेर जाणाऱ्या पाईपचं तोंड झाकणापासून हातभरच खाली होतं, त्यामुळे झाकण बराच वेळ उघडं ठेवून प्लंबरनं मोजे घालून वरूनच नवीन चार इंची पीव्हीसी टी बसवला. सगळ्या खर्चात सर्वात स्वस्त काम आणि माझ्या मते सर्वात उपयोगी.

प्लंबर नवीन शोषखड्डा मारायच्या बाजूनं होता. आम्ही म्हटलं, आधी पाणी कमी करून बघू. वॉशिंग मशीनचा पाईप तोडून परसात केळी आणि अळूकडं वळवला. रविवारी सगळ्यांचे युनिफॉर्म धुताना तासाभरात टाकीत जो लोंढा जायचा तो बंद झाला. टाकीत पाणी साधारण दिवसभर थांबलं तरच गाळ बसतो, लोंढा आला की बसलेलाही उठून पुढं जातो. स्वयंपाकघराचं सिंकही मागं कधीतरी याच टाकीला जोडलं होतं, तेही सोडवलं. आमच्याकडं दर पंधरवड्याला रस्सामंडळ, म्हणजे मटण-रश्श्याची पंगत बसतं; त्या भांड्यांचा कट आणि चरबी टाकीत काय करत असेल ते त्या दिवशी वर काढलेल्या सायीत दिसलं. मिस्टरांनी त्या आठवड्यात मटण मागितलं नाही. पुढच्या आठवड्यात मागितलं.

दोन्ही कप्प्यांवर रबरी पट्टीची फायबरची झाकणं बसवली. आता स्क्रू काढले की उघडतात, पोर्चचं पाणी आत उतरत नाही. गाडी लावायची जागा असेल तर वजन पेलणारं झाकण मागून घ्या, दुकानदार हलकंच पुढं करतो. वरच्या हवेच्या पाईपला बारीक जाळी लावली. संध्याकाळचे डास स्पष्ट कमी झाले. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास त्या पाईपमधून ये-जा करतात, हे कोणीच सांगत नाही.

जिवाणूंच्या पावडरीबद्दल विचारतात म्हणून लिहिते. दुकानदारानं "उपसायची गरजच पडणार नाही" म्हणून पुड्या गळ्यात मारल्या होत्या. पावसाळाभर टाकल्या. त्याच भिंतीपलीकडं जावेचं घर, तिची टाकी आमच्याच आठवड्यात उपसलेली, माणसं तेवढीच, तिनं काही टाकलं नाही. दसऱ्याला दोन्हीकडं धोतर बांधलेला पाईप घातला, गाळ जवळपास सारखा. आपल्या मैल्यातच भरपूर जिवाणू असतात, विकत कशाला आणायचे? त्या पैशात जाळी आणि टी दोन्ही येतात.

आता पावसाळ्याचं. जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा रेषेकडं सरकू लागली की नदीकाठी सामान बांधायला घेतात. आमच्या उंचावर पूर येत नाही, पण जमीन इतकी भिजते की अंगणात बूट रुतावा. त्या दिवसांत मागच्या चेंबरमध्ये पाणी चढलं, पाईपच्या तोंडाला टेकलं, आणि तिथंच थांबलं. भीती वाटून गाडीला फोन केला होता. तर माणूस म्हणाला, "आता नको वैनी, पावसात रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याचा दाब भिंतींवर येतो. फायबरची टाकी तर वर उचलून येती." हा सल्ला त्याचा धंदा बुडवणारा होता, म्हणून कापलेला गुण परत दिला. शोषखड्डा पूर्ण बरा झालाय असं मात्र म्हणणार नाही. पुढच्या पावसाळ्यात चेंबर यापेक्षा वर चढला तर नवीन खड्डा मारावाच लागेल.

एक तक्रार राहिली. मैला कुठं टाकला याची पावती मागितली, मिळाली नाही. "प्लँटला" एवढंच उत्तर. कसबा बावड्याला महापालिकेचं रोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाण्याचं प्रक्रिया केंद्र आहे, गाडी तिथंच गेली असं मी कशावरून मानू? ओढ्यात ओतलं तर ते पंचगंगेतच येणार, आणि खाली इचलकरंजीनं २०१२ साली काविळीची साथ भोगलेली आहे. वाईत आणि सिन्नरमध्ये नगरपालिकाच ठरवून दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या उपसते आणि मैला स्वतःच्या प्रक्रिया केंद्रात नेते. वाई काही परदेशात नाही, दोन-अडीच तासांवर आहे. ग्रामसभेत विषय मांडला, नोंद झाली, पुढं बघू.

तोवर आमच्या गल्लीनं आपल्यापुरतं ठरवलंय. चार घरांनी एकाच दिवशी गाडी बोलवायची, म्हणजे भाव खाली येतो आणि पावती मागायला चार तोंडं असतात. उन्हाळा लागायच्या आत दोन घरं उरकायची. त्यातले एक काका तयार आहेत, पैसे तयार आहेत, फक्त त्यांच्या पहिल्या कप्प्याचं झाकण नव्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली निघेल असा अंदाज आहे आणि ते काकूंना अजून कोणी सांगितलेलं नाही.