कॉर्सेअर ४०००डी एअरफ्लो: चालता पीसी हलवायला कॅबिनेट कसं आहे?

कॅबिनेटच्या रिव्ह्यूमध्ये हवा कशी खेळते, काच कशी दिसते, लाइट किती आहेत, हे भरपूर वाचायला मिळतं. पण घरचा चालता पीसी ज्याला नव्या कॅबिनेटमध्ये हलवायचाय, त्याची धाकधूक वेगळीच असते. सगळं जोडून झालं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही तर? म्हणून २०२० साली आलेलं ४०००डी एअरफ्लो इथे याच कसोटीवर बघितलं आहे. (२०२५ मधलं ‘फ्रेम ४०००डी’ हे वेगळं मॉडेल आहे, घेताना खोक्यावरचं नाव नीट वाचा.)

निकाल आधीच सांगतो: या कामासाठी कॅबिनेट उत्तम आहे. कॅबिनेट बदलल्यावर पीसी चालू न होण्याची जी नेहमीची कारणं असतात, त्यातली दोन-तीन इथे बनवतानाच टाळलेली आहेत. उरलेली मात्र जोडणाऱ्याच्या हातात राहतात, आणि ती कोणती हे माहीत असलेलं बरं.

सगळ्यात मोठा गुण म्हणजे सीपीयू कूलरसाठी मिळणारी १७० मिमी उंची. हायपर २१२ सारखा नेहमीचा कूलर सोडाच, १६५ मिमीचा नॉक्टुआ एनएच-डी१५ हा थोराड कूलरसुद्धा आत मावतो. त्यामुळे कूलर न काढता मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), सीपीयू, कूलर आणि रॅम असा सगळा संच उचलून नव्या घरात ठेवता येतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी हे मनावर घ्याच. तिथे सीपीयू आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर कूलर ओढताना लॉक असलेल्या सॉकेटमधून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर काढणं भागच असेल तर आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा.

आता स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारे पितळी खुंट. फॅन क्षणभर फिरून बंद होतात, त्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. ४०००डीमध्ये एटीएक्स, म्हणजे पूर्ण मापाच्या बोर्डासाठीचे नऊही खुंट बसवूनच येतात. मधल्या खुंटाला वर छोटी गुळगुळीत पिन आहे. बोर्डाचं मधलं भोक त्या पिनेवर टेकलं की बोर्ड जागेवरून सरकत नाही आणि दोन्ही हात स्क्रूसाठी मोकळे राहतात. त्या भोकात स्क्रू लावायचा नसतो. एक स्क्रू उरला म्हणून घाबरू नका आणि तो बळेच कुठे घालूही नका.

एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४. मायक्रो एटीएक्सची खालची ओळ वेगळ्या जागी येते, तेव्हा एटीएक्सच्या खालच्या ओळीतले खुंट काढून वर हलवावे लागतात. एच६१०, ए५२० या चिपसेटांचे बरेच स्वस्त बोर्ड याहूनही अरुंद असतात. त्यांना उजवीकडे भोकंच नसतात आणि तिथला खुंट बोर्डाच्या काठाखाली येण्याची शक्यता असते. नियम एकच: ज्या खुंटाच्या बरोबर वर भोक नाही, तो काढून टाका. बोर्डाच्या पाठीवर सोल्डरचे टोकदार ठिपके असतात, त्यातला एक जरी खुंटाला टेकला तरी शॉर्ट होतो. चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लगेच बंद पडून बोर्ड वाचवतो. स्वस्तातला वाचवेलच असं नाही. सेकंडहँड कॅबिनेट घेणाऱ्यांनी हे जास्त जपावं, कारण आधीच्या मालकाने खुंट कुठे लावले होते ते बोर्ड ठेवल्यावर दिसतच नाही.

स्क्रू पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरवा. बाजारात एम३ आणि ६-३२ असे दोन आट्यांचे स्क्रू असतात. बोटांनी जात नसेल तर स्क्रू चुकीचा आहे. पुढे नुसता टेकेपर्यंत आवळायचा, दाबायचा नाही. एका स्क्रूने काय होतंय, असं वाटत असेल तर एनझेडएक्सटीच्या एच१ कॅबिनेटचं उदाहरण बघा. रायझर कार्ड (ग्राफिक्स कार्ड बोर्डाला जोडणारी पट्टी) कॅबिनेटच्या सांगाड्याला धरणाऱ्या दोन स्क्रूंमुळे शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ३२ हजार कॅबिनेटं परत मागवण्यात आली.

दुसरी सोय फ्रंट पॅनलची. पॉवर स्विच, रिसेट, पॉवर एलईडी, हार्ड डिस्क एलईडी यांच्या सुट्या सुट्या टोप्यांऐवजी इथे सगळ्यांचा मिळून एकच ठोकळा आहे. तो इंटेलच्या नऊ पिनांच्या मांडणीवर बसतो आणि दहाव्या पिनेची जागा रिकामी असल्यामुळे उलटा लागत नाही. मात्र २० पिनांचा पॅनल असलेल्या काही जुन्या बोर्डांवर आणि ब्रँडेड कंपन्यांच्या बोर्डांवर हा ठोकळा बसत नाही. कॅबिनेट मागवण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडून फ्रंट पॅनलचं चित्र बघून घ्या.

ती मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ आणि ३ हार्ड डिस्कचा दिवा, २ आणि ४ पॉवरचा दिवा, ५ आणि ७ रिसेट, ६ आणि ८ पॉवर स्विच. सुट्या टोप्या असतील आणि दिवा उलटा जोडला तर तो फक्त लागत नाही, बाकी काही बिघडत नाही. स्विचला उलटसुलट नसतंच. बटण दाबून काहीच होत नसेल तर ठोकळा काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ६ आणि ८ या पिना क्षणभर जोडा. पीसी चालू झाला तर बोर्ड धडधाकट आहे, दोष बटणात किंवा वायरीत. उलट, पीसी चालू होऊन दर वेळी बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर पॉवर बटण दाबलेलंच अडकलंय का ते बघा. बटण सलग चार सेकंद दाबलं की बोर्ड सक्तीने बंद होतो, अडकलेलं बटण तेच करतं. रिसेट अडकलं तर फॅन फिरत राहतात आणि डिस्प्ले कधीच येत नाही.

वायरिंगला मागे २५ मिमी जागा आहे, पुरेशी आहे. पण एक वायर बोर्ड बसवण्याआधीच वरच्या खाचेतून काढून ठेवा: सीपीयूची ४+४ पिनांची. मोठा कूलर लावलेला असताना त्या कोपऱ्यात नंतर बोटं जात नाहीत आणि ‘मग लावू’ म्हणून हीच वायर राहून जाते. ती नसेल तर फॅन फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले मात्र येत नाही. ग्राफिक्स कार्डाची ६+२ वायर तिथे बसवण्याचा प्रयत्न करू नका, खाचा वेगळ्या असतात आणि व्होल्टेजच्या जागाही उलट. २४ पिनांचा कनेक्टर आवाज येईपर्यंत दाबा. एका बाजूने दोन मिलिमीटर वर राहिलेला कनेक्टर वरून बघताना बसल्यासारखाच वाटतो, म्हणून कडी अडकली का ते बाजूने टॉर्च मारून पाहा.

कॅबिनेटसोबत एसएमपीएसही बदलत असाल तर जुन्या मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) वायरी जुन्यासोबतच जाऊ द्या. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. वायर बसते म्हणून लावली की पाच व्होल्टच्या जागी बारा जातात आणि हार्ड डिस्क उडते. डेटासकट.

फ्रंट यूएसबीची १९ पिनांची वायर जाड आणि ताठ आहे. ती सरळ रेषेतच दाबा. तिरकी दाबली तर बोर्डावरची पिन आडवी होते आणि शेजारच्या पिनेला टेकली तर पीसी चालूच होत नाही. मागच्या पोर्टांभोवतीच्या पत्र्याची, म्हणजे आय/ओ शील्डची, स्प्रिंगसारखी पत्र्याची जीभही एखाद्या यूएसबी किंवा लॅन पोर्टच्या आत शिरते, बोर्ड सरकवताना तिकडे लक्ष ठेवा.

एवढं करूनही डिस्प्ले आला नाही तर आधी सोप्या गोष्टी. एसएमपीएसचा मागचा स्विच ‘आय’वर आहे का. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की घाईत बोर्डाच्या पोर्टमध्ये गेली. नावापुढे ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरला आणि ‘जी’ नसलेल्या रायझन ५००० पर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरना स्वतःचं ग्राफिक्स नसतं, तिथे बोर्डाचा पोर्ट मुका राहणार. कार्डाची पॉवर वायर लावली का, आणि कार्ड स्लॉटमध्ये शेवटपर्यंत गेलं का. मागची पट्टी पत्र्याला अडली की कार्डाचं दुसरं टोक वर राहतं. पट्टीचा स्क्रू सैल करून कार्ड पुन्हा दाबा, स्लॉटची कडी लागली की मग आवळा.

रॅम काढून एकच स्टिक सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, दोन्ही बाजूंनी आवाज येईपर्यंत. कालपर्यंत चालणाऱ्या रॅमवर खोडरबर घासायची गरज नाही, रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवाच त्रास. डीडीआर५ असेल आणि सीमॉस रिसेट केलं असेल (म्हणजे बोर्डाच्या बायोस सेटिंग मूळपदावर आणल्या असतील) तर पहिल्यांदा काही मिनिटं काळा स्क्रीन राहतो. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, घाबरून मध्येच बंद करू नका. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर जो थांबून राहील तिथून तपास सुरू करा. दिवे नसतील तर बोर्डाला लावायचा छोटा बीप स्पीकर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो.

यातूनही उलगडा झाला नाही तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. सीपीयू, कूलर, एक रॅम, २४ पिन, ८ पिन आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड, बाकी काही नाही. पिना जोडून चालू करा. बाहेर चालला आणि आत चालत नाही म्हणजे दोष खुंट, शील्ड किंवा फ्रंटच्या वायरींमध्ये. फ्रंटच्या एकेक वायरी लावत, दर वेळी प्लग काढून पुढे जा. बाहेरही चालला नाही तरच एसएमपीएस किंवा बोर्डावर संशय घ्यायचा.

बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर नव्या कॅबिनेटला दोष देऊ नका. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून हा हलका करंट बॉडीवर येतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

डिस्प्ले आला पण विंडोज मिळत नसेल तर सॅटाच्या वायरी आणि बायोसमधला बूट क्रम बघा. सीमॉस रिसेटने सीएसएमची (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी) सेटिंग बदलते आणि जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं विंडोज दिसेनासं होतं. विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती पीसी उघडण्याआधीच लिहून ठेवा. ‘सीपीयू फॅन एरर’ आला तर कूलरची वायर कॅबिनेट फॅनच्या जागी लागली आहे. सोबत येणारे दोन १२० मिमी फॅन तीन पिनांचे आहेत, ते बोर्डावरच्या ज्या पिनांना (हेडरला) लागतात, तिथे बायोसमध्ये डीसी मोड, म्हणजे व्होल्टेजने वेग ठरवण्याची पद्धत, द्या, नाहीतर ते सतत पूर्ण वेगाने फिरतात.

तक्रारी दोन. समोर साधा यूएसबी एकच, दुसरा टाइप-सी. बोर्डावर टाइप-सीचं हेडर नसेल, आणि जुन्या बोर्डांवर ते नसतंच, तर समोर वापरायला एकच पोर्ट उरतो. पेन ड्राइव्ह आणि डोंगल लावणाऱ्या घरात हे खटकतं. दुसरी, ३.५ इंची डिस्क दोनच बसतात.

डेल, एचपी, लेनोवोचा तयार डेस्कटॉप हलवायचा असेल तर हे कॅबिनेट घेऊ नका. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत बोर्डाची भोकं, एसएमपीएसचा कनेक्टर आणि फ्रंट पॅनल स्वतःच्याच मापाचे असतात. कसंबसं बसवलं तरी फ्रंट यूएसबी किंवा मूळ फॅन सापडला नाही म्हणून काही मॉडेल दर वेळी एरर दाखवून एफ१ दाबायला लावतात.